मल्लम्मा बोगद्यात मेली नव्हती

सुरुवातीलाच सांगते, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई मी नाही. इथं या ग्रुपवर येणारे अनुभव मी वाचते, पण निम्म्यातच चिडून मोबाईल उलटा ठेवते. कुणाच्या घरी पंखा आपोआप फिरतो, कुणाकडं बल्ब लुकलुकतो... अरे, न्यूट्रल लूज आहे का ते बघितलं का कुणी? मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलाय आणि सगळी नोकरी वायरी ओढण्यात घालवलीय. दिवा लुकलुकला तर त्याच्यामागं सैल स्क्रू असतो, नाहीतर उंदीर. तिसरं कारण मला कधी भेटलं नव्हतं.

घरचं वळणही तसंच. आजोबांनी बौद्ध धम्म घेतला तेव्हा देव्हाऱ्यासोबत भुतंखेतं, करणी, अंगात येणं, सगळंच घराबाहेर काढलं. बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. लहानपणी मी अंधाराला भ्यायले की ते माझ्या हातात बॅटरी देऊन त्याच खोलीत पाठवायचे आणि काय दिसलं ते येऊन सांग म्हणायचे. मी येऊन सांगायचे — पोतं आहे, कोट आहे. विषय संपायचा.

त्यामुळं हे लिहिताना माझा मलाच राग येतोय. पण मागं इथंच कुणीतरी विचारलं होतं की बिदरकडच्या पार्कातल्या 'शापित बोगद्या'बद्दल कुणाला काही माहिती आहे का. आणि खाली लोकांनी मल्लम्माबद्दल जे काय काय लिहिलं होतं... म्हणून एकदा झालं तसं, नीट सांगते.

मी बिदरला मैलूरमध्ये राहते आणि एका थीम पार्कमध्ये मेंटेनन्स इनचार्ज आहे. पार्कचं नाव लिहीत नाही. हुमनाबाद रोडला बसमधून उतरून थोडं आत चाललं की लाल मातीत दोन्ही बाजूंना तुरीची रानं आणि मध्येच आमची रंगीत कमान. पार्क मोठा नाही. लाटांचा तलाव, घसरगुंड्या, आकाशपाळणा, पोरांच्या गाड्या, एवढंच. सुट्टीच्या दिवशी बिदर, कलबुर्गी, उदगीर, जहिराबाद, सगळीकडून लोक येतात.

पार्कच्या मागच्या टोकाला एक बोगदा होता. त्यात 'गावगाडी' नावाची छोटी आगगाडी फिरायची. आत सिमेंटचं गाव केलं होतं — जात्यावर बसलेली बाई, मान हलवणारे बैल, चाकावर मडकं घडवणारा कुंभार. सगळं मोटारीवर हलायचं. बोगद्याच्या शेवटी काचेची एक केबिन होती आणि त्या केबिनमध्ये माइक घेऊन बसायची मल्लम्मा.

मल्लम्मा दुबलगुंडीची. घरी कानडी बोलायची, माझ्याशी मराठी, दर्ग्याकडून येणाऱ्या गिऱ्हाइकांशी दखनी उर्दू, आणि तेलुगू सहलवाल्यांशी जे येईल ते. "हात आत ठेवा, गाडी थांबल्याशिवाय उठू नका" असं तीन भाषांत रेकॉर्ड केलेलं होतंच. पण तिचा रेकॉर्डिंगवर भरवसा नव्हता. बोगद्यात कॅमेरे होते. तिला केबिनमधून सगळं दिसायचं. कुणी चालत्या गाडीत उभं राहिलं की ती सरळ माइक चालू करायची. नावं कुठून माहीत असणार, म्हणून कपड्यांवरून हाक मारायची. "लाल टोपी, खाली बस." "हिरवं लुगडं, लेकराचा हात आत घ्या." माणूस बघून भाषा निवडायची आणि ती सहसा चुकायची नाही. लोक दचकायचे, हसायचे, पण गुमान बसायचे. ड्यूटीवर असताना ती मलासुद्धा नावानं हाक मारायची नाही. मी दुरुस्तीला आत गेले की वरून आवाज यायचा, "निळा शर्ट, पायाखाली बघ." मग जेवणाच्या सुट्टीत शेजारी बसून डब्यातली शेंगाचटणी माझ्या ताटात वाढताना परत नाव घेऊन बोलायची.

कोरोनात पार्क बंद राहिला. तेवढ्यात बोगद्याच्या छतात पाणी मुरलं, आतलं पीओपी फुगलं, रूळ वाकले. पार्क उघडला पण बोगदा उघडला नाही. मी स्वतः आतले स्पीकर काढून लाटांच्या तलावावर लावले, अॅम्प्लिफायर तिकडंच नेला, केबल गुंडाळून स्टोअरमध्ये टाकली आणि बोगद्याची लाइन मेन बोर्डातूनच तोडली. हे लक्षात ठेवा, कारण हे मी माझ्या हातानं केलंय. बाहेर कानडी, मराठी आणि इंग्रजीत 'प्रवेश बंद'ची पाटी लावली, जाळीचं कुंपण घातलं.

मल्लम्माला मग गेटवर तिकीट तपासायला बसवलं. पुढं तिच्या किडनीचं दुखणं वाढलं, तिनं काम सोडलं आणि एका दुपारी ती दुबलगुंडीला, स्वतःच्या घरात, स्वतःच्या बाजेवर गेली. तिचं डोकं तिच्या मुलीच्या, भाग्यश्रीच्या मांडीवर होतं. मी मातीला गेले होते. यात गूढ असं काहीही नाही. माणूस आजारी पडतं आणि जातं.

आता त्या दोघांकडं येते.

ओंकार उदगीरचा, समीर कलबुर्गीचा. दोघं मिळून एक चॅनेल चालवायचे. चॅनेलचं नावही लिहीत नाही, त्यांना फुकटची जाहिरात कशाला? बंद पडलेले वॉटर पार्क, बंद पडलेल्या राइड, पाटी लावून माणसाला येऊ नको म्हणून सांगितलेल्या जागा — तिथं घुसायचं आणि धापा टाकत व्हिडिओ करायचा. ओंकार बोलायचा, समीर कॅमेरा धरायचा. हे दोघं आमचं कुंपण कापून आत गेले हे मला व्हिडिओ आल्यावर कळलं. त्याआधी मला वाटलं होतं डुकरांनी जाळी उचकटली.

व्हिडिओत ओंकारनं सांगितलं की या बोगद्यात गाडीखाली येऊन एक अनाउन्सर बाई मेली, मालकानं प्रकरण दाबलं, आणि आता तिचा आवाज येतो. आमच्याच पार्कच्या जुन्या पेजवरून मल्लम्माचा फोटो उचलला होता. डोळे लाल केले होते. कुणा गिऱ्हाइकानं टाकलेल्या जुन्या क्लिपमधून तिचा आवाज काढून तो संथ करून मागं लावला होता. ज्या बाईनं सगळा जन्म दुसऱ्यांच्या लेकरांचे हात आत घ्यायला लावले, तिच्या तोंडून हे घोगरं, ओढलेलं, "हाऽऽत आऽऽत..." मी तो व्हिडिओ पूर्ण बघू शकले नाही.

पार्कात तर नुसता वैताग. लोक गेटवर येऊन विचारायचे, भूतवाला बोगदा कुठं आहे? कुंपण मी शिवायचे, कुणीतरी परत कापायचं. आणि आमचे मालक — आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणतो — ते खूश. गर्दी वाढली म्हणून. एक दिवस मला बोलावून म्हणाले, बोगदा जरा टेकू देऊन, लाल लाईट लावून, भुताची राइड म्हणून चालू करता येईल का बघा. मी म्हटलं, अप्पा, छत कधीही खाली येईल. ते म्हणाले, मग हेल्मेट देऊ. आता या माणसाशी काय बोलायचं?

पण खरा घोळ वेगळाच झाला. भाग्यश्रीचं लग्न भालकीकडं ठरलं होतं. ती हुमनाबादला एका मेडिकल दुकानात काम करते, शांत मुलगी. तो व्हिडिओ फिरत फिरत तिच्या होणाऱ्या सासूच्या मोबाईलवर गेला. तिकडून निरोप आला की थोडं थांबू या. मुलीच्या आईचं मरण असं झालेलं तुम्ही आम्हाला सांगितलं नाही. भाग्यश्री माझ्याकडं पार्कात आली, स्टोअरमध्ये स्टुलावर बसली आणि एवढंच म्हणाली, "अक्का, आई माझ्या मांडीवर गेली. आता ते मी कुणाकुणाला सांगू?"

मी त्या चॅनेलवरचा नंबर शोधून ओंकारला फोन लावला. आधी तो गोड बोलला, मग म्हणाला की मॅडम, कंटेंट आहे, लोकांना कळतं की ही एंटरटेनमेंट आहे. मी म्हटलं, भालकीच्या बाईला कळलं नाही. तो म्हणाला, त्याला मी काय करणार. शेवटी मी त्याला त्याच्याच भाषेत सांगितलं — ये, कॅमेरा घेऊन ये, मी तुला दिवसाढवळ्या रीतसर परवानगीनं आत नेते, कुठली वायर कुठं होती ते दाखवते. त्या बदल्यात तू कॅमेऱ्यासमोर सांगायचं की त्या बाईबद्दल सांगितलेलं सगळं खोटं होतं, आणि जुना व्हिडिओ काढायचा. 'परवानगीनं' म्हटल्यावर त्याचा आवाज उजळला. आमच्या त्या मोडक्या बोगद्यात आतून शूटिंगची परवानगी अजून कुणाला मिळाली नव्हती ना.

मंगळवारी पार्क बंद असतो. गेटवर वॉचमन आणि आत आम्ही चौघं. मी, ते दोघं आणि भाग्यश्री. तिला मी येऊ नको म्हटलं होतं, पण ज्यांनी आईचे डोळे लाल केले त्यांचं तोंड बघायचंय म्हणाली. ती पिवळी ओढणी घेऊन आली होती. ओंकार काळ्या टी-शर्टमध्ये, हसतमुख, मला नमस्कार वगैरे. समीर उंच, कमी बोलणारा. भाग्यश्री कोण आहे हे मी सांगितल्यावर ओंकार कॅमेऱ्याच्या सेटिंगबद्दल बोलत राहिला. समीरनं मान खाली घातली ती वर केलीच नाही.

माझा बेत साधा होता. सगळ्यांना हेल्मेट द्यायचं, पहिल्या वळणापर्यंत जायचं, तिथून परत. तेवढा भाग मी आदल्या दिवशी ठोकून बघितला होता. आत जाण्याआधी मी दोघांचे मोबाईल बंद करून माझ्या टूलबॅगेत टाकले. ओंकारनं पुन्हा कुठला आवाज वाजवून नाटक करू नये म्हणून. त्यांच्या पिशव्याही बघितल्या. बॅटऱ्या, लेन्स पुसायचं कापड, फुटाण्यांचा पुडा. ओंकार म्हणाला, "मॅडम, तुम्ही तर पोलिसांपेक्षा भारी चेक करायलाव." मी पुडा परत त्याच्या पिशवीत टाकला.

आत गेलो. दुपारच्या उन्हाची तिरीप तोंडाशी बऱ्यापैकी आत येत होती, पुढं आमच्या बॅटऱ्या. वटवाघळांचा वास, भिंतीवर ओल. जात्यावरच्या बाईचा हात खांद्यातून निखळलेला, बैलांची माती गळून आतली तार दिसत होती. मी कॅमेऱ्यासमोर दाखवत गेले. इथं स्पीकर होता, हे बघा, नुसता खिळा राहिलाय. इथून केबल जायची, हे बघा, तुटकं टोक. इथं आवाज यायला काहीही नाही. मला वाटतं, त्या दिवशी मी बरी बोलत होते. बाबांना आवडलं असतं.

पहिल्या वळणावर मी थांबले. म्हटलं, याच्यापुढं नाही. आणि त्याच वेळी भाग्यश्रीनं विचारलं, "अक्का, आई बसायची ती केबिन कुठाय?" मी म्हटलं पुढच्या टोकाला, पण तिकडून जायचं नाही, बाहेर पडल्यावर पलीकडच्या बाजूनं दाखवते. ती व्हय म्हणाली. मी वळून ओंकारला भिंतीतला जंक्शन बॉक्स दाखवायला लागले आणि तेवढ्यात ती पुढं निघाली. मी बघितलं तेव्हा ती कुंभाराच्या जवळ पोचली होती. तिची चूक म्हणत नाही मी. लांबवर केबिनच्या काचेवर उजेड पडला होता आणि आत खुर्ची दिसत होती. आईची खुर्ची दिसल्यावर कोण थांबेल?

मी तिच्या मागं निघाले, ते दोघंही निघाले, आणि मी हाक मारायला तोंड उघडलं. आणि माझ्याआधी मल्लम्मा बोलली.

मला दुसरा शब्द सुचत नाही. कुजबुज नाही, घुमणारा आवाज नाही, त्या व्हिडिओतल्यासारखं काही नाही. माइकमधून यायचा तसा, थोडा नाकातला, थोडा कंटाळलेला, रोजचा आवाज. डोक्याच्या वरून, जिथं पूर्वी स्पीकर होता तिथून.

"पिवळी ओढणी, जागेवर थांब. पुढं जाऊ नको."

भाग्यश्री थांबली. मी थांबले. माझ्या मागं समीर थांबला. ओंकार मात्र चालत दोन पावलं पुढं गेला आणि मागं वळून म्हणाला, "काय झालं? कामून थांबलाव?"

त्याचं वाक्य संपतंय तोच भाग्यश्रीच्या पुढ्यात छत आलं. पीओपी, त्याच्यावरचं ओलं प्लास्टर, लोखंडी जाळी, सगळं एकदम. कुंभार त्याच्याखाली गेला. धुळीत बॅटरीचा उजेड दिसेना. मी भाग्यश्रीच्या दंडाला धरून तिला ओढलं आणि आम्ही चौघंही धडपडत, खोकत तोंडाकडं पळालो.

बाहेर उन्हात आलो तर सगळे पांढरे झालो होतो. भाग्यश्री रडत नव्हती. ओंकार जमिनीवर बसला आणि बसूनच राहिला. समीरचा कॅमेरा अजून चालूच होता, त्यालाही ते कळलं नव्हतं.

माझ्या डोक्यात पहिला विचार काय आला सांगू? की यांनीच काहीतरी केलं. म्हणून कुणी एकमेकांशी बोलायच्या आत मी तिघांना वेगवेगळं बसवलं. एकाला तिकीट खिडकीपाशी, एकाला झाडाखाली, भाग्यश्रीला पायरीवर. परीक्षेत पोरांना बसवतात तसं. आणि एकेकाजवळ जाऊन विचारलं, काय ऐकलं, जसंच्या तसं सांग.

समीर म्हणाला, एका बाईनं दखनीत सांगितलं — "पीली ओढनी, वहींच ठैरो. आगे नक्को जाओ." तो म्हणाला, मॅडम, मी ती जुनी क्लिप एडिट केलीय, तो आवाज मी शंभरदा ऐकलाय, तोच होता.

भाग्यश्री म्हणाली, कानडीत. "हळदि ओढणी, अल्ले निंद्रु. मुंद होगब्याड."

मी ऐकलं ते मराठीत होतं. मी शपथेवर सांगते, मराठीत होतं.

आणि ओंकार म्हणाला, त्यानं काहीच ऐकलं नाही. आवाज नाही, खडखडाट नाही, काही नाही. आम्ही तिघं एकदम का थांबलो हेच त्याला कळलं नव्हतं. जन्मभर नसलेले आवाज लोकांना ऐकवणारा हा माणूस, तो मला म्हणतो, "मॅडम, तुम्ही तिघं मिळून माझी खेचायलाव. असं काही नसतंय." आणि मी, बाबांची मुलगी, त्याला समजावून सांगतेय की नाही रे बाबा, आवाज आला. वैतागाची पण काही हद्द असते.

मग आम्ही समीरचं रेकॉर्डिंग लावलं. त्यात आमचे पाय वाजतात, बाहेर कुठंतरी होला पक्षी घुमतो, मी जंक्शन बॉक्सबद्दल बोलते, मग माझा श्वास घेतल्याचा आवाज येतो, हाक मारायला घेतात तसा. आणि मग काही नाही. शांतता. त्या शांततेत भाग्यश्री थांबते, फ्रेम स्थिर होते म्हणजे समीर थांबतो, ओंकार चालत राहतो आणि विचारतो काय झालं. मग छत. आवाज त्यात नाही. मी हेडफोन लावून, आवाज वाढवून कितीदा ऐकलं असेल. नाही म्हणजे नाही.

भाग्यश्रीनंही ऐकलं. तिच्याकडं आईचा आवाज कुठंच साठवलेला नव्हता, त्या घाणेरड्या व्हिडिओशिवाय. हेडफोन काढून तिनं मांडीवर ठेवला. मग मला म्हणाली, "अक्का, ती मला नावानं कामून नाही बोलावली?"

मी म्हटलं, ड्यूटीवर होती. ड्यूटीवर ती कुणालाच नावानं बोलवायची नाही. हे माझ्या तोंडून निघून गेलं. मी काय बोलतेय ते मला नंतर कळलं. पण त्यावर ती पहिल्यांदा रडली, आणि मला बरं वाटलं.

आता मुद्द्याचं. ओंकारला ते फुटेज टाकायचं होतं. छत पडतंय, तीन माणसं एकाच क्षणी थांबतायत, मॅडम, हे खरं आहे, यात एडिटिंग नाही, हे चाललंच पाहिजे. काहीच ऐकलं नाही म्हणणारा हाच. मी म्हटलं, टाक आणि खाली लिही की मल्लम्मानं वाचवलं, म्हणजे भालकीवाल्यांची खात्रीच पटेल की ती इथंच मेली आणि इथंच फिरतेय. आमचं बोलणं चालू असताना समीरनं कॅमेऱ्यातून कार्ड काढलं आणि भाग्यश्रीच्या हातात ठेवलं. ओंकार त्याच्याकडं बघत राहिला. समीर म्हणाला, "इनकी अम्मी हैं. इनोच रखने दे."

ओंकारनं जुना व्हिडिओ तिथंच, माझ्यासमोर, पायरीवर बसून काढून टाकला. शब्दाला जागला म्हणायचं. कॅमेऱ्यासमोर खोटं होतं असं सांगितलंही, धुळीनं माखलेल्या तोंडानं. ते कुणी फारसं बघितलं नाही. मूळ व्हिडिओ मात्र दुसऱ्यांनी उचलून परत टाकलाय, संगीत बदलून. अजून फिरतोय. तुम्ही जो बघितलात तो त्यातलाच एक.

भालकीला मी स्वतः गेले, भाग्यश्रीच्या मामांबरोबर. चहा झाला. मी सगळं सांगितलं की मल्लम्मा घरी गेली, आजारानं गेली, मी मातीला होते. सासूबाई ऐकत होत्या. शेवटी त्यांनी विचारलं, "मंजे त्या बोगद्यात तसं काई न्हाई ना?" आणि मी, इतकी वर्षं हेच वाक्य छातीठोक म्हणत आलेली बाई, त्या क्षणी अडले. मग म्हटलं, काही नाही, मी तिथली इलेक्ट्रिशियन आहे. त्यांना तेवढं पुरलं. लग्न ठरल्याप्रमाणं झालं.

मी काय काय तपासलं तेही सांगते, नाहीतर माझ्यासारखेच कुणीतरी विचारतील. लाइन मेनमधून तोडलेली होती, तशीच होती. स्पीकर तलावावर होते, त्या दिवशी बंद. मोबाईल माझ्या बॅगेत, बंद. हायवेवरून माणसाचा आवाज तिथवर येत नाही. कधी कधी मी स्वतःला सांगते की छत पडण्याआधी काहीतरी करकरलं असेल, ते कानानं टिपलं, आणि मेंदूनं त्याला जुन्या ओळखीचा आवाज दिला. चांगलं स्पष्टीकरण आहे. मग मला समीर आठवतो, जो मल्लम्माला कधी भेटलाच नव्हता. त्या हाकेतला ओढणीचा रंग आठवतो. आणि एकच वाक्य तिघांना तीन भाषांत. करकरण्याचं रेकॉर्डिंगमध्येही काही नाही. तिथं माझं स्पष्टीकरण संपतं आणि मी कणीक मळायला लागते.

अप्पांनी बोगदा पाडायचं ठरवलं. पडलेलं छत बघितल्यावर त्यांची भुताची राइड एकदाची डोक्यातून गेली. जेसीबी आला त्या सकाळी भाग्यश्री नवऱ्याला घेऊन आली. मी तिला कळवलं होतं. नवरा बारीक, चष्मेवाला, तिच्यापेक्षा अर्धं पाऊल मागं उभा होता, काही विचारत नव्हता. समीरही आला होता, मोकळ्या हातानं. त्याला कुणी कळवलं ते मला माहीत नाही.

ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं होतं. भाग्यश्री त्याच्याजवळ गेली आणि जरा बंद करा म्हणाली. त्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. इंजिन बंद झालं.

आम्ही सगळे उभे राहिलो. तुरीच्या रानात कुणीतरी पाखरं हाकत होतं. लांब हायवेवर एक ट्रक गियर बदलत चढ चढला. बोगद्याच्या तोंडातून वारा येत होता, थंड, ओलीचा वास असलेला. भाग्यश्री ऐकत होती, मान थोडी तिरकी करून. मीही ऐकत होते. खोटं कशाला बोलू, मी खूप ऐकत होते.

काही आलं नाही.

मग तिनं डोळे पुसले आणि ड्रायव्हरला म्हणाली, "अण्णा, करा चालू."